क्ष-किरणांच्या नजरेतून सर्पिल दीर्घिका

क्ष-किरण हा शब्द आपल्याकडे छातीच्या फोटोमुळे घरोघर पोचला. गिरणगावातील चाळीत वाढलेल्या माणसाला दुर्बीण समजावून द्यावी लागेल. पण 'एक्स-रे काढला' म्हणजे काय, हे त्याला सांगावे लागत नाही. खोकला महिनाभर हटला नाही, की डॉक्टर ती काळी फिल्म उजेडासमोर धरीत, तिच्यावरचा पांढुरका डाग दाखवीत, आणि त्या डागावर एका कुटुंबाचे पुढले वर्ष ठरत असे. आकाशातील क्ष-किरण आणि इस्पितळातील क्ष-किरण जातीने एकच आहेत. त्यांच्या उपयोगाची तऱ्हा मात्र उलटी आहे, आणि तेथूनच आज आरंभ करू.

इस्पितळात किरण यंत्रातून निघतात, शरीरातून पार होतात आणि पलीकडे हाडांची सावली पडते. आपण पाहतो ती सावली. आकाशात आपल्यापाशी असले यंत्र नाही. तेथे वस्तू स्वतःच किरण फेकते आणि आपण ते झेलतो. ज्याचा फोटो काढायचा तोच दिवा! एवढा फरक मनात पक्का धरला, की पुढला विषय अवघड नाही. मी स्वतः कॉलेजात पाऊल टाकलेले नाही. यंत्रकारखान्यांतील कामगारांची संघटना बांधण्यात तीस वर्षे गेली आणि खगोलशास्त्र जे आले ते सार्वजनिक ग्रंथालयांच्या कृपेने आले. तेव्हा जे मला समजले ते तुम्हांला समजणार नाही, असे मानण्याचे कारण मला दिसत नाही.

या वसंताच्या दिवसांत संध्याकाळ सरली, की उत्तरेकडे सप्तर्षी उंच आलेले दिसतात. त्यांच्या शेपटीच्या टोकाचा तारा मरीची. मरीचीपासून थोड्याच अंतरावर, शामशबल या फिकट तारकासमूहाच्या हद्दीत, एक वस्तू आहे. नुसत्या डोळ्यांना ती दिसत नाही. फ्रान्समधील मेसिए या धूमकेतू शोधणाऱ्या ज्योतिषाने ती १७७३ साली टिपली, आणि धूमकेतू समजून पुन्हा फसगत होऊ नये म्हणून केलेल्या यादीत तिला पुढे ५१ वा क्रमांक मिळाला. तिचे खरे रूप मात्र १८४५ साली आयर्लंडमधील बर येथे उघड झाले. तेथील जमीनदार लॉर्ड रॉस याने तांबे आणि कथील यांच्या मिश्रधातूचा सहा फूट व्यासाचा आरसा ओतवून घेतला होता. पीटची भट्टी पेटवणारे, आरसा घासणारे आणि ते अजस्र धूड दोरखंडांनी हलवणारे लोक त्याच्याच जमिनीवरचे मजूर व कारागीर होते. त्या आरशात मेसिएच्या धुरकट ठिपक्याला वळसे घेणारे बाहू दिसले. पाण्यातील भोवऱ्याची आठवण व्हावी असे ते चित्र होते. इंग्रजीत तिचे नावच भोवरा असे पडले. त्याच वर्षी आयर्लंडात बटाट्यावर रोग पडला, भयंकर दुष्काळ सुरू झाला आणि दुर्बिणीचे काम बाजूला पडले. आकाशाच्या गोष्टी जमिनीवरच्या गोष्टींपासून अलग लिहिण्याची पद्धत आहे, ती मला पटत नाही. म्हणून हे सांगितले.

हा भोवरा म्हणजे एक सर्पिल दीर्घिका, अब्जावधी ताऱ्यांचा एक फिरता संसार. आपण ज्या आकाशगंगेत राहतो तीही असलीच सर्पिल. मेसिए ५१ आपल्यापासून सुमारे २ कोटी ८० लाख प्रकाशवर्षे दूर आहे. साध्या दुर्बिणीतून तिचे जे मनोहर रूप दिसते ते ताऱ्यांच्या उजेडाचे रूप आहे. माझा आजचा मुद्दा असा, की ते रूप खरे असले तरी ते कारखान्याच्या दर्शनी भागासारखे आहे. आत यंत्र कोठे चालू आहे, भट्टी कोठे धगधगते आहे, हे त्यावरून कळत नाही. ते क्ष-किरण सांगतात.

असे का व्हावे? लोहारकाम पाहिलेल्या माणसाला हे चटकन उमजेल. लोखंड तापू लागले की आधी काळेच असते, मग तांबडे होते, मग पिवळे, मग पांढरे. तापमान वाढेल तसा उजेडाचा रंग बदलतो. सूर्याच्या पृष्ठभागाचे तापमान साडेपाच हजार अंशांच्या घरात आहे, म्हणून तो आपल्याला दिसतो तसा दिसतो. तापमान दहा लाख अंशांच्या पुढे नेले, तर त्या वस्तूचा बहुतेक उजेड डोळ्यांना दिसतच नाही. तो क्ष-किरणांच्या रूपाने बाहेर पडतो. याचा अर्थ असा, की क्ष-किरणांची नजर लावली की दीर्घिकेतील साधे संसारी तारे जवळजवळ नाहीसे होतात. शिल्लक राहतात ती फक्त जिथे काहीतरी भयंकर घडते आहे अशी ठिकाणे.

पण ही नजर जमिनीवरून लावता येत नाही. आपले वातावरण क्ष-किरण शोषून घेते. जीवसृष्टीवर हा उपकारच आहे. ज्योतिषांची मात्र त्यामुळे अडचण झाली. राँटगेनने १८९५ साली हे किरण शोधले. सूर्याच्या पलीकडून येणारे क्ष-किरण सापडायला १९६२ साल उजाडावे लागले. त्या वर्षीच्या जून महिन्यात अमेरिकेतील न्यू मेक्सिकोच्या वाळवंटातून एक लहानसे रॉकेट उडाले. रिकार्डो जियाकोनी आणि त्यांचे सहकारी चंद्रावरून काही क्ष-किरण येतात का, हे पाहायला निघाले होते. वातावरणाच्या वर त्यांना जेमतेम सहा मिनिटे मिळाली. चंद्राचे काही हाती लागले नाही. पण वृश्चिक राशीच्या दिशेने कल्पनेबाहेर प्रखर असे क्ष-किरण येताना आढळले. सहा मिनिटांत एका नव्या शास्त्राचा जन्म झाला. जियाकोनींना त्यासाठी २००२ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

पुढे १२ डिसेंबर १९७० रोजी केनियाच्या किनाऱ्याजवळच्या समुद्रातील तळावरून केवळ क्ष-किरणांसाठी बांधलेला पहिला उपग्रह सोडण्यात आला. तो दिवस केनियाच्या स्वातंत्र्याचा वाढदिवस, म्हणून उपग्रहाचे नाव ठेवले 'उहुरू'. स्वाहिली भाषेत उहुरू म्हणजे स्वातंत्र्य. उपग्रहांच्या नावांत मला हे सर्वांत आवडते. उहुरूला चित्र काढता येत नव्हते. देवयानीतील सर्पिल दीर्घिका त्याला अख्खी मिळून एकच ठिपका भासली. १९७८ च्या आइन्स्टाइन वेधशाळेने त्या ठिपक्याचे अनेक वेगवेगळे ठिपके करून दाखवले. फरक पडला तो आरशांमुळे.

आरशांची गोष्ट थोडी सविस्तर सांगायला हवी, कारण सारी करामत तेथे आहे. क्ष-किरण साध्या आरशावर समोरून पडले तर परत फिरत नाहीत. आत शिरतात आणि विरून जातात. पण चपटी खापरी तळ्यावर वरून टाकली तर बुडते आणि पाण्याला जवळजवळ समांतर भिरकावली तर टप्पे घेत जाते, तसेच क्ष-किरणांचे आहे. आरशाला अगदी निसटते घासून गेले, तर ते वळतात. म्हणून क्ष-किरणांची दुर्बीण परातीसारखी नसते, नळकांड्यासारखी असते. किरण नळकांड्याच्या आतल्या भिंतीला घासून पुढे एका बिंदूत जमतात. हान्स व्होल्टर या जर्मन शास्त्रज्ञाने १९५२ साली अशा आरशांचे आकार मांडले. त्याला सूक्ष्मदर्शक करायचा होता. तो काही साधला नाही, आकाशाला मात्र त्याचा उपयोग झाला. एका नळकांड्यात फार थोडे किरण सापडतात, म्हणून डब्यात डबा बसवावा तशी नळकांडी एकात एक बसवतात.

२३ जुलै १९९९ रोजी अंतराळात गेलेल्या 'चंद्रा' दुर्बिणीत अशा आरशांच्या चार जोड्या आहेत. सर्वांत मोठ्याचा व्यास १.२ मीटर, आणि किरण जमतात ते तेथून दहा मीटर अंतरावर. आरसे एका खास जातीच्या काचेचे. कनेक्टिकटमधील डॅनबरी येथे ते घासले गेले, कॅलिफोर्नियात त्यांच्यावर इरिडियम धातूचा थर चढला आणि न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर येथे त्यांची जुळणी झाली. आपल्या टूलरूममधला कसबी कामगार मायक्रॉनची, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाची भाषा बोलतो आणि त्याचा त्याला रास्त अभिमान असतो. या आरशांचा गुळगुळीतपणा काही अणूंच्या जाडीत मोजावा लागतो. कोलोराडो राज्याची जमीन त्याच प्रमाणात घासली, तर तेथले ४,३०० मीटर उंचीचे पाइक्स पीक हे शिखर इंचभरही वर येणार नाही! हबल दुर्बिणीचा आरसा याच डॅनबरी गावात चुकीच्या आकाराचा घासला गेला होता आणि ती चूक १९९० मध्ये दुर्बीण वर गेल्यावर कळली. म्हणून या खेपेस उड्डाणापूर्वी सर्व आरसे जुळवून हंट्सव्हिल येथे खऱ्या क्ष-किरणांनी त्यांची परीक्षा घेतली. शास्त्रज्ञांची नावे ग्रंथांत असतात आणि असावीतही. हे घासकाम करणाऱ्यांची नावे मी पुष्कळ शोधली, मला भेटली नाहीत.

या आरशांची नजर किती बारीक? एक सेंटिमीटर अंतरावर ठेवलेले दोन दिवे चार किलोमीटरवरून वेगळे ओळखावे, इतकी. आजवर दुसऱ्या कोणत्याही क्ष-किरण दुर्बिणीला ही बरोबरी साधलेली नाही. आपल्या देशानेही २८ सप्टेंबर २०१५ रोजी श्रीहरिकोट्याहून 'ॲस्ट्रोसॅट' ही वेधशाळा सोडली. तिच्यातील मृदू क्ष-किरणांच्या दुर्बिणीचे ३२० आरसे ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यावर सोन्याचा मुलामा देऊन मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत तयार झाले. पत्र्याच्या आरशांची नजर घासलेल्या काचेइतकी बारीक नसते, त्यामुळे दूरच्या दीर्घिकेतील दाटीवाटीचे ठिपके ती निराळे करू शकत नाही. एकेकट्या प्रखर ताऱ्याचा चढउतार टिपण्याचे काम तिचे. प्रत्येक हत्याराचे काम वेगळे असते, हे तुम्हांला मी सांगायला नको.

आता चंद्राने भोवऱ्यात काय पाहिले ते बघू. मेसिए ५१ कडे ही दुर्बीण वेगवेगळ्या वेळी मिळून जवळजवळ दहा लाख सेकंद, म्हणजे अकरा-बारा दिवस, रोखून ठेवण्यात आली. त्या चित्रात सुमारे पाचशे ठिपके उमटले; त्यांतले चारशेच्या आसपास त्या दीर्घिकेतले आणि बाकीचे वाटेतले किंवा पलीकडचे. या चारशेंतले बहुतेक ठिपके जोडताऱ्यांचे आहेत. जोडीतला एक तारा मेलेला असतो, दुसरा जिवंत. मेलेला म्हणजे न्यूट्रॉन तारा किंवा कृष्णविवर. तो आपल्या जिवंत जोडीदाराचा वायू ओढून घेतो. हा वायू गिरक्या घेत आत पडताना इतका तापतो, की त्यातून क्ष-किरणांचा लोट निघतो. जिवंत तारा हायड्रोजन जाळून जेवढी ऊर्जा मिळवतो, तिच्या दसपट आणि अधिक ऊर्जा तेवढाच वायू न्यूट्रॉन ताऱ्यावर पडताना मोकळी होते. स्वतः काही न निपजवता दुसऱ्याच्या जिवावर सर्वांत झगमगणारा हा प्राणी पाहून मला कोणाची आठवण होते, ते मी येथे सांगत नाही.

तारा मेल्यावर त्याचे काय होते, हा हिशेब प्रथम मांडणाऱ्यांत आपला एक तरुण होता. सुब्रह्मण्यन् चंद्रशेखर १९३० च्या जुलैअखेर मुंबई बंदरातून बोटीने इंग्लंडला निघाले. वय एकोणीस. बोटीवरच त्यांनी आकडेमोड केली, आणि ती पुढे पक्की होऊन असे ठरले की मेलेल्या ताऱ्याचा गाभा सूर्याच्या सुमारे १.४ पटीहून जड असेल, तर तो श्वेतबटू म्हणून स्वस्थ बसू शकत नाही, आणखी कोसळतो. १९३५ साली एडिंग्टनसारख्या बड्या पंडिताने भर सभेत या मताची टर उडवली. पण कोसळलेले तारे आज शेकड्यांनी डोळ्यांपुढे आहेत. चंद्रशेखरांना १९८३ साली नोबेल मिळाले, १९९५ साली ते वारले, आणि चंद्रा हे दुर्बिणीचे नाव त्यांचेच. खुल्या स्पर्धेत ते एका शाळकरी विद्यार्थ्याने आणि एका शिक्षिकेने सुचवले होते.

हे ठिपके दीर्घिकेत कोठे बसले आहेत, यालाही अर्थ आहे. सर्पिल बाहूंमध्ये वायू दाटतो आणि तेथे नवे तारे जन्मतात. त्यांतले जे फार जड असतात ते भराभर जळतात आणि काही दशलक्ष वर्षांतच संपतात. सूर्यासारखा तारा दहा अब्ज वर्षे टिकतो, त्या मानाने हे बालमृत्यूच म्हणायचे. जन्मस्थानापासून दूर जायलाही त्यांना सवड मिळत नाही. म्हणून जड जोडीदार असलेली कृष्णविवरे आणि न्यूट्रॉन तारे बाहूंच्या आसपास सापडतात, तर हलक्या जोडीदारांची म्हातारी मंडळी मधल्या फुगवट्यातही असतात. यातून असे निघाले, की जड जोडताऱ्यांच्या क्ष-किरणांची मोजदाद केली तर त्या दीर्घिकेत तारे किती वेगाने जन्मत आहेत, याचा अंदाज येतो. स्मशानातल्या नोंदवहीवरून सूतिकागृहाचा हिशेब लागावा, तसे हे आहे.

ठिपक्यांखेरीज एक विरळ, तप्त वायूही दिसतो. तो स्फोट पावलेल्या ताऱ्यांनी तापवलेला असतो. आपल्या आकाशगंगेभोवती तर अशा वायूचा एक प्रचंड वेढा आहे. अंजली गुप्ता, स्मिता माथुर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली चंद्राच्या वेधांवरून त्याचे तापमान १० ते २५ लाख अंश काढले. त्याचे वजन आकाशगंगेतील सर्व ताऱ्यांच्या वजनाशी तुलना करण्याइतके असावे, असा त्यांचा निष्कर्ष आहे. चांदण्या रात्री आपण जी आकाशगंगा पाहतो, ती या हिशेबाने निम्मीच म्हणायची.

हे सारे किती सावकाश मिळते, त्याची कल्पना यावी म्हणून मेसिए ८३ या दुसऱ्या सर्पिल दीर्घिकेची हकिकत सांगतो. दीड कोटी प्रकाशवर्षांवरच्या या दीर्घिकेत १९५७ साली एक तारा फुटताना दिसला. चंद्राने २०००-०१ मध्ये तिकडे सुमारे चौदा तास पाहिले; त्या ताऱ्याच्या अवशेषांतून क्ष-किरण आढळले नाहीत. २०१०-११ मध्ये साडेआठ दिवस पाहिले, तेव्हा ते सापडले. इतक्या दूरच्या मंद वस्तूकडून क्ष-किरणांचे कण एकेक करून येतात. चंद्राचा कॅमेरा फाटकावरच्या टाइमकीपरसारखा प्रत्येक कणाची नोंद करतो: कोठून आला, किती ऊर्जेचा, केव्हा आला. साधारणतः दर ३.२ सेकंदांनी वही मिटते आणि नवे पान सुरू होते. या वह्या जपून ठेवल्या जातात आणि ठराविक मुदतीनंतर सर्वांना खुल्या होतात.

या जपलेल्या वह्यांतच सावलीचा तो प्रसंग सापडला. मेसिए ५१ मधील एका जोडताऱ्याच्या २०१२ सालच्या नोंदीत क्ष-किरण सुमारे तीन तासांच्या अवधीत कमी कमी होत पूर्ण शून्यावर आले आणि पुन्हा पहिल्यासारखे झाले. रोझॅन डी स्टेफानो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भोवऱ्यासह तीन दीर्घिकांतील दोनशेहून अधिक जोडताऱ्यांच्या नोंदी चाळून ही एकच घटना वेचून काढली आणि २०२१ साली प्रसिद्ध केली. मधे वायूचा ढग आला असता तर कमी ऊर्जेचे कण आधी अडले असते, जास्त ऊर्जेचे मागाहून. येथे सर्व एकदमच अडले. काहीतरी घन वस्तू आडवी गेली असली पाहिजे. त्यांचा तर्क असा, की तो शनीच्या आकाराचा एक ग्रह असावा. साध्या उजेडात असला ग्रह कोट्यवधी प्रकाशवर्षांवरून दिसण्याची आशाच नाही, कारण तो ताऱ्याचा जरासा तुकडाच झाकणार. पण क्ष-किरण निघतात ती जागा इतकी चिमुकली असते, की ग्रह ती पुरती झाकू शकतो. छातीच्या फोटोत हाडाची सावली पडते, तशी दुसऱ्या दीर्घिकेतील ग्रहाची सावली आपल्या फिल्मवर पडली, असे हे प्रकरण आहे.

मात्र हा अजून उमेदवारच आहे, निवडून आलेला नाही. त्याची फेरी इतकी मोठी आहे, की तो पुन्हा आडवा येण्यास सुमारे सत्तर वर्षे लागतील. त्या वेळी या सभागृहात बसलेल्यांपैकी, पुढच्या रांगेतली लहान मुले सोडली तर, कोणीच नसेल.

आमच्या कचेरीत एकाने मला विचारले, 'मामा, भाकरीचा प्रश्न सुटला नाही आणि तुम्ही हे काय घेऊन बसलात?' प्रश्न खोटा नाही. १८४५ साली आयर्लंडातल्या मजुरालाही तो पडला असेल. पण भाकरी मागणाऱ्याने आकाशावरचा हक्क सोडून द्यावा, असे कोणत्याही मागणीपत्रात मी लिहिलेले नाही. आणि गंमत अशी, की हा प्रश्न शेवटी त्या दुर्बिणीपुढेही उभा राहिला. मार्च २०२४ मध्ये अमेरिकेच्या अंदाजपत्रकात चंद्राचा वार्षिक खर्च सुमारे ६.८ कोटी डॉलरवरून ४.१ कोटींवर आणण्याचा प्रस्ताव आला. यंत्र चालू होते, वेध येत होते. जाणार होते ते ती चालवणारे लोक. शास्त्रज्ञांनी सह्या गोळा केल्या, पत्रके काढली, लोकप्रतिनिधींची दारे ठोठावली. त्यांतल्या पुष्कळांना हे काम नवे असावे. आम्हांला ते जुनेच आहे. दुर्बीण त्या वर्षी बंद पडली नाही. २०२५ सालच्या प्रस्तावातही तिच्यावर कात्री होतीच.

तिच्या जागी इतक्या बारीक नजरेची दुसरी दुर्बीण अजून गेलेली नाही. जपानने सप्टेंबर २०२३ मध्ये सोडलेली 'क्रिझम' किरणांची ऊर्जा फार नेमकी मोजते, पण ठिपक्याशेजारचा ठिपका तिला निराळा दिसत नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये नासाने पुढील अभ्यासासाठी ज्या दोन योजना निवडल्या, त्यांत 'ॲक्सिस' नावाची एक क्ष-किरण दुर्बीण आहे. तिचे आरसे काचेऐवजी सिलिकॉनचे, कागदासारखे पातळ तुकडे एकात एक बसवून करण्याचा बेत आहे.